सुषमाने बाजूला काढलेल्या फायली

सुषमा हिलीमला कोणी विचारलं, की तू जव्हारला करतेस तरी काय, तर ती म्हणायची, “पोरांची वजनं ठेवते.” यातून ऐकणाऱ्याला काहीच कळत नसे. वजन ही काय ठेवायची वस्तू आहे? पण तिला दुसरं सांगता येत नव्हतं आणि खरं तर ती तेच करत होती.

वजनं आणायच्या दुसऱ्याच बायका. एस.टी. डेपोच्या मागे एका संस्थेचं ऑफिस होतं. त्या संस्थेच्या ताया खांद्याला काटा अडकवून जव्हार-मोखाड्याचे पाडे पायी फिरत, पोरांना झोळीत घालून तोलत आणि आकडे चिठ्ठ्यांवर लिहून बाजाराच्या दिवशी ऑफिसात आणून देत. चिठ्ठी कधी पावसात भिजलेली, कधी तिच्यात सुकी मिरची बांधून आणलेली. सुषमा ती उलगडून आकडे कॉम्प्युटरमध्ये घाली. ही गोष्ट दोन हजार चार-पाच सालची.

कॉम्प्युटर कुणीतरी वापरून दिलेला होता. मुंबईहून एक इंजिनियर येऊन महिनाभर राहिला, त्याने त्यात लिनक्स घातलं, सुषमाला शिकवलं आणि तो निघून गेला. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं. माउस होता, पण तो शोभेपुरता. ऑफिसचे प्रमुख तुळशीदास सर जामसरचे. मास्तरकी सोडून संस्थेत आलेले, चांगल्या शेतीवाल्या घरातले, मनाने सरळ. त्यांनी तो काळा पडदा पाहून नाक मुरडलं होतं. “यात चित्रंबित्रं काहीच नाहीत का गं?” त्यांना वाटलं इंजिनियरने स्वस्तातलं काहीतरी गळ्यात मारलं.

सुषमाला मात्र ते काळं खोकं आवडलं. एक ओळ लिहायची, एंटर दाबायचं, काम झालं. काम झाल्यावर ते “झालं” असंही म्हणत नसे. गप्प राहिलं म्हणजे झालं. आश्रमशाळेत बारावीपर्यंत जिला कातकऱ्यांची पोर म्हणून प्रत्येक गोष्ट दोनदा सिद्ध करून दाखवावी लागली, तिला असा न विचारता ऐकणारा गडी मिळाल्यावर तो आवडणारच.

तिने मांडणीही नीट केली. प्रत्येक पाड्याचं एक फोल्डर. त्यात प्रत्येक मुलाची एक फाइल. फायलीत वर पाड्याचं आणि आईचं नाव आणि खाली ओळीने तारीख आणि वजन. फायलीला नाव मुलाचं, इंग्रजी अक्षरांत. महिनाअखेरीला ती एक स्क्रिप्ट चालवी, म्हणजे ओळीने लिहून ठेवलेले हुकूम. ती स्क्रिप्ट सगळ्या फायली पालथ्या घालून ज्यांचं वजन कमी भरलं ती मुलं वेगळी काढी. त्यांचा अहवाल छापून निघे, त्यावरून ताया त्या घरांना पुन्हा भेटी देत. पूर्वी या कामाला तीन माणसं आठवडाभर बसत आणि शेवटी भांडत. आता प्रिंटर अडकला तरच भांडण होई.

श्रावणात ताया तक्रार घेऊन आल्या. अहवालात नको ती मुलं येत होती. कोणी सहा वर्षांची होऊन शाळेत गेलेली, कोणाचं बिऱ्हाड कायमचं नाशकाकडे हललेलं. दोन डोंगर चढून जावं आणि दाराला कडी दिसावी, तर बाई चिडणारच. तुळशीदास सर म्हणाले, “ज्या फायलींना कोणी हातच लावत नाही, त्या बाजूला काढ ना.”

सुषमाला ते तिथल्या तिथे जमलं. फाइंड नावाची एक कमांड आहे. कुठे शोधायचं, काय शोधायचं आणि सापडलं की त्याचं काय करायचं, हे तिला एका ओळीत सांगता येतं. सुषमाने सांगितलं: सगळ्या पाड्यांत शोध, तीन महिन्यांत ज्या फायलीत काही बदललं नाही ती उचल आणि “जुने” नावाच्या फोल्डरात नेऊन टाक. पुसून टाक असं तिने सांगितलं नाही. ती मुळात काही फेकणाऱ्यांतली नव्हतीच. उद्या कोणी परत आलं तर फाइल असावी, एवढा विचार तिने केला होता.

तिने ओळ चालवली आणि काय काय हललं ते तपासलं. एकही चूक नव्हती. जी गेली ती खरोखर गेलेलीच मुलं होती. तायाही खूश झाल्या. मग तिने ती ओळ दर महिन्याच्या एक तारखेला आपोआप चालेल अशी लावून दिली, आणि विसरून गेली. आपोआप चालणाऱ्या गोष्टीचा गुण म्हणा की खोड म्हणा, ती विसरायलाच होते.

आता यात फसगत कुठे होती ते सांगायला हवं. तिने ती ओळ तपासली श्रावणात. आवणी, म्हणजे भाताची लावणी, उरकलेली, पाडे माणसांनी भरलेले, प्रत्येक पोर आपापल्या ओटीवर. त्या दिवसांत ज्याचं तीन महिने वजन नाही, ते मूल खरंच गेलेलं असतं. पण दिवाळी झाली की इकडचे पाडे रिकामे होतात. भिवंडीच्या वीटभट्ट्या, वसईची रेती, ठाण्याकडची बांधकामं. इकडे त्याला “जगायला जाणं” म्हणतात. जगायला गेलेली माणसं शिमग्याला येतात. म्हणजे चार महिने त्या पोरांना काटा दिसत नाही आणि फायलीला हात लागत नाही.

हे तुळशीदास सरांना आठवलं नाही तर समजू शकतं. त्यांच्या जामसरच्या घराला भातशेती होती, घरातले दोघे नोकरीत. त्यांच्यातलं कोणी भट्टीवर गेलं नव्हतं. पण सुषमा! जिचं शाळेआधीचं सारं लहानपण विटांच्या राशींत खेळून गेलं, जिचा बाप अजून दिवाळीनंतर टोपलं-घमेलं बांधून ट्रकात चढतो, तिला हे सुचू नये? नाही सुचलं. खुर्चीवर बसून पाडा फोल्डरासारखा दिसायला लागला, की फोल्डरातून माणसं भट्टीवर जात नाहीत.

माघाच्या सुमारास फायली हलायला लागल्या. अहवाल पातळ येऊ लागला. कोणाला वावगं वाटलं नाही, कारण पाड्यांवर माणसंच नव्हती.

शिमगा जवळ आला. सूर्यमाळच्या शाळेत संस्थेचं शिबिर ठरलं. नाशिकहून डॉक्टरबाई येणार, परतलेली पोरं तपासणार आणि ज्यांची तब्येत घसरली असेल त्यांना जव्हारच्या पोषण केंद्रात आईसकट ठेवून घेणार. केंद्रात खाटा मोजक्या. म्हणून डॉक्टरबाईंचा नियम होता: नुसतं आजचं वजन नको, जाण्याआधीचंही द्या. किती घसरलं त्यावर खाट. दिवाळीत चांगलं असलेलं पोर शिमग्याला काठावर आलं असेल तर ते जास्त धोक्यात, असं त्यांचं म्हणणं, आणि ते बरोबरच होतं.

शिबिराच्या आदल्या दिवशी सकाळी सुषमा सूर्यमाळच्या याद्या छापायला बसली. फोल्डर उघडला तर आत चार-दोन फायली. तिला वाटलं चुकीच्या जागी आलो. दुसरा पाडा उघडला, तोही तसाच. आधी तिने लोडशेडिंगला शिव्या घातल्या, मग डिस्कला, मग झाडूवाल्या बाईने वायर ओढली असेल म्हणून तिलाही मनातल्या मनात. आणि मग एकदम श्रावणातली ओळ आठवली.

“जुने” उघडल्यावर तिच्या जिवात जीव आला. फायली होत्या. परत हलवल्या की झालं. पण हलवता हलवता तिला काहीतरी खटकलं. सुकऱ्या एकच होता.

आमच्या डोंगरात शुक्रवारी जन्मला तो सुकऱ्या. बुधवारचा बुध्या, मंगळवारची मंगळी. वार सातच, म्हणून पाड्यापाड्याला सुकऱ्या असतो, आणि रामी, सोन्या हीही घरोघरची नावं. पाड्यांचे फोल्डर वेगळे होते तोवर कोणी कोणाच्या वाटेत येत नव्हतं. सुषमाने सगळ्यांना एकाच फोल्डरात टाकायला सांगितलं होतं. तिथे एक सुकऱ्या आला, मग दुसरा आला आणि पहिल्याच्या जागी बसला. तिसरा दुसऱ्याच्या. कॉम्प्युटरने एका शब्दाने विचारलं नाही, की इथे एक आहे, त्याचं काय करू? त्याचं ते न विचारणं तिला इतके दिवस आवडत होतं.

उरलेला सुकऱ्या जव्हारजवळच्या पाड्यातला होता. सूर्यमाळचा नव्हता.

तिने तुळशीदास सरांना बोलावून सगळं सांगितलं. सर खुर्चीत बसलेच. चिठ्ठ्या? चिठ्ठ्या आकडे घातले की चुलीत जात. कॉम्प्युटर आल्यावर कागद कशाला, हे सरांचंच म्हणणं होतं. नक्कल? नक्कल दर आठवड्याला निघे, जुनी पुसून नवी. नव्या नकलेत तीच भोकं. आणि त्या आतल्या पाड्यांपर्यंत अंगणवाडी तेव्हा पोचली नव्हती.

“महिन्याचे अहवाल असतील ना?” सर म्हणाले.

अहवाल होते, कॉम्प्युटरातच जपून ठेवलेले. सुषमाच्या हातांना काम मिळालं. ग्रेप म्हणून एक कमांड आहे, ढिगाऱ्यातून हवा तो शब्द असलेल्या ओळी तेवढ्या वेचून देते. पाड्याचं नाव आणि तायांनी आठवून सांगितलेली पोराची आणि आईची नावं देऊन तिने जुन्या अहवालांतून एकेका मुलाच्या ओळी वेचल्या, सेड नावाच्या दुसऱ्या कमांडने त्यांचा घाट बदलून फायलीला हवा तसा केला आणि ज्याची ओळ त्याच्या पाड्यात नेऊन ठेवली. एकदा हा हुकूम नीट बसल्यावर तिने तो सगळ्या नावांवरून फिरवला. दुपारपर्यंत बरीच पोरं घरी आली. सर मधूनमधून येऊन “आलं का?” विचारत आणि चहा ठेवून जात.

तरी काही राहिलीच. का राहिली ते कळल्यावर सुषमाला खरी भीती वाटली. अहवालात फक्त कमी वजनाची मुलं येत. जी दिवाळीत धडधाकट होती, त्यांचं नाव एकाही अहवालात नव्हतं. म्हणजे डॉक्टरबाईंना ज्यांची घसरण सगळ्यात आधी कळायला हवी, तीच पोरं मागचा पुढचा काही पुरावा न ठेवता गेली होती. सूर्यमाळच्या पलीकडच्या पाड्यावर अशी दोन. चिमीचा सुकऱ्या आणि फागीची रामी.

“अंदाजे टाक ना,” सर हलक्या आवाजात म्हणाले. “दिवाळीची तारीख घाल, त्या वयाला बसेल असं वजन घाल. कोण बघायला येतंय?”

टाकणं अवघड नव्हतं. फायलीची तारीखसुद्धा मागची करता येते, त्यालाही कमांड आहे. सुषमाने सुकऱ्याची नवी फाइल उघडून आईचं नाव लिहिलं आणि तिथेच थांबली. जास्त वजन लिहावं, तर घसरण मोठी दिसेल आणि दुसऱ्या कोणाची तरी खाट याला जाईल. कमी लिहावं, तर हा खरंच घसरलेला असला तरी घरी पाठवतील. दोन्हीकडून एका पोराचा घात, आणि तोही आपल्या बोटाने.

“नाही टाकत सर,” ती म्हणाली. “उद्या मी येते वर. बाईंना मीच सांगते.”

सरांना राग आला नव्हता. त्यांनाही लाज वाटत होती, फक्त ती त्यांना तिच्याइतकी सरळ बोलता येत नव्हती.

सूर्यमाळला शाळेच्या पडवीत शिबिर भरलं. बायका पोरांना घेऊन रांगेत, कडेला पाण्याचे रिकामे हंडे, कारण परतताना झऱ्यावरून जायचं होतं. डॉक्टरबाई भरभर काम करत होत्या. सुकऱ्याचं वजन झालं. त्यांनी यादीवर बोट ठेवलं. “हा नवीन दिसतोय. काठावर आहे. पुढच्या महिन्यात बघू.”

“नवीन नाही बाई,” सुषमा म्हणाली. “दिवाळीत याचं वजन झालेलं होतं. चांगलं होतं. ते माझ्या हातून पुसलं गेलं.”

“किती होतं?”

“माहीत नाही.”

“मग मी काय करू सांग? चांगलं होतं असं तर सगळ्याच आया म्हणतात.”

सुषमाने चिमीला विचारलं, की जाताना हा केवढा होता. चिमी ओशाळून हसली. “भरल्याला व्हता. आता भट्टीवर काय, धूळ खाऊन ऱ्हायला.” आणि तिने सवयीने पोराच्या कमरेचा घसरलेला करदोडा वर ओढला.

तो वर ओढलेला करदोडा पुन्हा खाली आला. सुषमा खाली वाकली. काळ्या दोऱ्याला एक जुनी घट्ट गाठ होती, तिच्या आत एक नवी गाठ मारून दोरा आखूड केलेला होता, आणि आखूड केलेलाही सैल होता.

“हा कवा बांधला?”

“जगायला निघालो तवा. नवा दोरा बांधूनच नेतो ना पोराला. मग ढिला झाला म्हणून मीच गाठ मारली.”

पोर वाढतं तसा करदोडा आवळतो आणि आई तो सैल करते. इथे उलटं झालं होतं. सुषमाने दोन गाठींमधला दोरा चिमटीत धरून डॉक्टरबाईंना दाखवला. बाईंनी चष्मा वर करून पाहिलं, पोराचं पोट दाबलं, दंडाची कातडी ओढून सोडली. “याला घ्या,” त्या म्हणाल्या, आणि पुढचं पोर मागितलं.

पुढचं पोर रामी. ती सुकऱ्यापेक्षा लहान, दोन वर्षांचीही नसेल. तीही काठावर. सुषमाने तिचं झबलं वर केलं. करदोडा होता, कोरा करकरीत. फागीने कालच शिमग्याच्या बाजारात घेऊन बांधला होता.

“जुना कुठाय?”

“टाकला ना. कुजला व्हता.”

डॉक्टरबाईंनी सुषमाकडे पाहिलं. सुषमाने नाही म्हणून मान हलवली. बाईंनी “नवीन” लिहिलं आणि महिन्याने आणायला सांगितलं. फागीला काही खटकलं नाही. उलट आपली पोर दवाखान्यात ठेवली नाही म्हणून ती सुटल्यासारखी उठली आणि हंडा घेऊन झऱ्याकडे निघाली.

जव्हारला परतल्यावर सुषमाने ती आपोआप चालणारी ओळ काढून टाकली. फायलींच्या नावात पाडा आणि आईचं नाव घातलं. आता फायली बाजूला काढायच्या असल्या की कॉम्प्युटर आधी नावं दाखवतो, ताया त्यावर नजर टाकतात आणि “हा तर जगायला गेलाय” म्हणून अर्धी नावं परत ठेवतात. वेळ लागतो. लागू दे, असं सुषमा म्हणते.

पण रामीचं तिच्या मनातून जाईना. वैशाखात सूर्यमाळच्या विहिरी तळाला गेल्या, तरी ती दर आठवड्याला एस.टी.ने वर जाऊन, पुढे पायी पाड्यावर पोचून रामीचं वजन करून यायची. तायांना वाटे, ही आपलं काम तपासायला येते. त्यांनी थोडे दिवस अबोला धरला. सुषमाने कारण सांगितलं नाही. पोर जराशी घसरली, मग टिकली, मग पावसात अंग धरू लागली. दिवाळीपर्यंत ती फाइल इतरांसारखीच दिसू लागली. फक्त तिची पहिली ओळ शिमग्याची होती.

चार-पाच वर्षं गेली. ऑफिसात नवे कॉम्प्युटर आले, त्यांत चित्रंही होती, आणि तुळशीदास सर ती बघायच्या आत निवृत्त झाले. सुषमा तिथेच होती. एकदा बाजाराच्या दिवशी फागी ऑफिसात आली. रामीचं नाव शाळेत घालायचं होतं, त्याचा कुठलासा कागद हवा होता. रामी बाकावर पाय हलवत बसली होती, दात पडलेली, अखंड बडबडणारी.

“बाय,” फागी म्हणाली, “ही ऐकत नांय. म्हणते मी कवा बारकी नव्हतेच. पहिल्यानं जोखली तवा केवढी भरली व्हती, सांग बरं हिला. तुझ्या त्यात असंल.”

सुषमाने कॉम्प्युटरला हातही लावला नाही. “ते नाही गं फागीबाय,” ती म्हणाली. “शिमग्याआधीचं नाही. माझ्या हातून पुसलं गेलं. तेव्हाच तुला सांगायचं होतं, नाही सांगितलं.”

फागीला त्यात एवढं काय ते कळलं नाही. “असू दे,” ती म्हणाली. तिने रामीकडे तोंड करून दोन्ही हात पसरले. “एवढी व्हतीस.” मग हात थोडे जवळ आणले. “नांय, एवढी.” पुन्हा लांब केले, थांबली, दोन हातांमधल्या जागेकडे बघत राहिली.

मग तिने हात खाली घेतले. “नांय आठवत आता,” ती म्हणाली.